दामूच्या नावावरची खांड

ये गो पोरी, अशी जवळ ये. तू समोर नाहीस हे ठाऊक आहे मला, पण पुरवणी उघडून हे वाचत असशील तर पानासकट जवळ ये आणि तो फोन घटकाभर पालथा ठेव. रागावले नाही मी... म्हणजे रागावलेच आहे, पण तुझ्या एकटीवर नाही. माझी बहीण शैला गेली त्या सकाळी तुझा फोन आला होता. घरात माणसं जमलेली, मी तिच्या अंगावरची चादर सारखी करत होते, आणि तू म्हणालीस, "आजी, पटकन दोन ओळी सांगा ना, पान जायचंय." मी काय बोलले ते मला आठवत नाही. तू काय ऐकलंस तेही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं, ज्येष्ठ समाजसेविका शैलाताई यांचे रोहे येथे निधन. रोह्याला नाही गो. इथे पेणला गेली ती, माझ्या घरात, खिडकीकडे तोंड करून. आणि समाजसेविका कसली? तिने ते वाचलं असतं तर खोकला येईपर्यंत हसली असती. "आक्का, मी कुणाची सेवा केली गो? मी लोकांना त्रास दिला जन्मभर." बातमीदार होती ती. सरळ शब्द आहे, तो लिहायला काय हरकत होती तुला?

असो. सुतक संपलं, पाहुणे गेले, आता बोलायला वेळ आहे. मी शिकलेली बाई नव्हे. चौथीपर्यंत शाळा, मग मिठागरात आईच्या मागे, लग्नानंतर पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या मुकुटांना सोनेरी रंग लावायची. वाचायला लागले ती शैलामुळे. आम्ही दोघी बहिणी मिठागरात वाढलो. आमच्या घरी घड्याळ नव्हतं तेव्हाही भरती किती वाजता लागणार ते चुलीपाशी बसून सांगता यायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाणी चढतं पण अंगात जोर नसतो त्याच्या. शैला माझ्यापेक्षा पुष्कळ धाकटी. ती हट्टाने कॉलेजपर्यंत गेली, जिल्ह्याच्या पेपरात चिकटली, आणि पुढे रोह्याचं काम तिच्याकडे आलं तेव्हा नदीपलीकडे अष्टमी गावात एक खोली घेऊन राहिली. लग्न केलं नाही. रविवारी एसटीने माझ्याकडे यायची, लिहिलेलं माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "वाच. तू अडखळलीस तर पेणच्या बाजारात सगळी अडखळतील." मी अडखळायचे. ती खोडायची. असं करत करत मी पेपर वाचायला शिकले आणि ती सोपं लिहायला शिकली.

तिची एक खोड मला फार लाज आणायची. आम्ही मच्छी बाजारात गेलो की ती एका कोळणीला विचारायची, "बोंबील आजचे की कालचे?" ती अर्थातच आजचे म्हणायची. मग शैला चार पावलं पुढे जाऊन दुसरीला विचारणार, "मावशी, त्या तिकडच्या बाईचे बोंबील कधीचे गो?" एकदा पहिलीने ऐकलं. "ओ पेपरवाली," ती मोठ्यांदा ओरडली, "तुझा नवरा असता तर त्याची पण शेजारणीला चौकशी केली असतीस काय गो?" अख्खा बाजार हसला. शैलाही हसली, म्हणाली, "म्हणून तर केला नाय!" पण घरी येताना गंभीर होऊन मला सांगत होती. पहिल्या माणसाला स्वतःचा माल विकायचा असतो. दुसरी त्याच्याशी भांडलेली असेल तर तिचंही खरं धरायचं नाही. ज्याला खरं सांगून काही मिळणार नाही, उलट काही जाणार आहे, असा माणूस सापडला पाहिजे. तो सापडेपर्यंत थांबायचं. मी म्हटलं, तोपर्यंत बोंबील नासतील. ती म्हणाली, "नासू देत. नासलेला बोंबील टाकता येतो, आक्का. छापलेलं परत घेता येत नाही."

आता तुला दामूचं सांगते. ज्या बातमीने तिचं नाव झालं असं लोक म्हणतात, आणि जिचं नाव काढलं की ती उठून पाणी प्यायला जायची, ती ही बातमी. खाडीकाठच्या एका गावात, गावाचं नाव नको, दामू बांधाचा राखणदार होता. आमच्याकडची खाजण भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खोल असते. मधे मातीचा बांध असतो म्हणून शेत शेत राहतं. त्या बांधाला खेकडे बिळं पाडतात. राखणदाराने रोज बांधावरून चालायचं, बीळ दिसलं की चिकणमातीने घट्ट बुजवायचं. एक बीळ राहिलं तर पाणी तेच मोठं करतं, आणि मग बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. दामूच्या राखणीत तोवर कधी खांड गेली नव्हती. त्या वर्षी गेली. दसऱ्याच्या सकाळी माणसं नवे कपडे घालून, आपट्याची पानं घेऊन देवळाकडे निघाली होती, ती तशीच बांधावर जाऊन उभी राहिली. लोंब्या भरलेल्या होत्या आणि त्यांच्यात खाडी शिरलेली. खारं पाणी एकदा आत आलं की त्या वर्षाचं भात तर जातंच, पण पुढची दोन-तीन वर्षंही जमीन काही धड देत नाही.

गाव खाडीचं, त्यामुळे कुणाला पंचांग बघावं लागलं नाही. काल खंडेनवमी, म्हणजे नवमी, म्हणजे भांग. भांगाचं पाणी धडधाकट बांध फोडत नाही. मग बीळच राहिलं असणार. मग दामूच फिरला नसणार. इतकं सरळ. आणि दामू खरंच फिरला नव्हता गो. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला ठेवतात, त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. दामूने फावडं पाटावर ठेवलं होतं आणि संध्याकाळी तो देवीच्या आरतीला गेला होता, सगळं गाव होतं तिथे. सगळ्यांनीच आपापले कोयते, नांगर पूजेला ठेवले होते. पण बोल लागला तो दामूला. "दामून देवाला फावडं वाहिलं नि गावाला खाडी," असं पोरं त्याच्या तोंडावर म्हणायला लागली. सरकारी पंचनाम्यातही राखणदाराचा निष्काळजीपणा असंच लिहिलं गेलं. त्याच्या बायकोला, बायजाला, विहिरीवर कुणी दोराला हात लावू देईना. ती टळटळीत उन्हात पाणी भरायला जायची, कुणी नसताना.

शैला तिथे गेली ती पिकाची बातमी करायला. दामूचं तिच्या डोक्यातही नव्हतं. तो ओट्यावर बसला होता, तिने विचारलं तेव्हा वर न बघता बोलला, "ताई, माझंच राहिलं असंल. येवढंसं बीळ असंल येखादं. मी आदल्या दिशी बघितलं हुतं, पण माझंच राहिलं असंल." तिने ते वाक्य मला तीन रविवार ऐकवलं. म्हणायची, ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस स्वतः आरोप कबूल करतोय, पण त्याला आठवत काहीच नाही, नुसतं असंल-असंल. कबुली अशी नसते आक्का. मी म्हटलं, अगो, भांगात खांड गेली, दुसरं काय असणार? आपण मिठागरातल्या पोरी, आपल्याला का कळत नाही? त्यावर ती म्हणाली, "तेच तर. सगळ्यांना कळतं म्हणून कुणी विचारलंच नाही."

मग ती जात राहिली. रोहा ते वडखळ, वडखळहून सहा आसनी रिक्षा, पुढे पायी. कधी बातमीचं नाव काढायची नाही. बायकांमध्ये बसून वाल सोलायची, खंडेनवमीला काय केलं होतं, पुऱ्या की घावणे, आरती कुणी म्हटली, घरी परतताना उजेड होता का... असलंच विचारायची. मला आधी वाटलं ही वेळ घालवतेय. पण असं विचारलं की माणूस त्या संध्याकाळी परत जाऊन बसतो, आणि तिथे दिसलेलं सांगतो. काय झालं असं थेट विचारलं तर गावात जे ठरलंय तेच सांगतो. अशीच तिला एक बाई भेटली, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे धरणारी, पलीकडच्या वाडीवरची. तिला गावच्या आरतीशी काही देणंघेणं नव्हतं, ती खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत होती. तिने मशीन पाहिलं होतं. माती उकरायचं ते पिवळं मशीन, जवळच्या रस्त्याच्या भरावासाठी आलेलं. तिन्हीसांजेला ते बांधावर होतं आणि त्याचा दात्यांचा पंजा खाली-वर होत होता. "त्याला झेंडूचा हार घातलेला," ती म्हणाली. "पूजा केलेलं मशीन त्याच दिशी चालवत हुते, म्हणून मना ध्यानात रायलं. आमी बी त्या दिशी कोयता उचलत नाय."

तिचा नवरा त्या मशीनवाल्या ठेकेदाराकडेच कामाला. ती म्हणाली, माझं नाव आलं तर आमचं पोट गेलं. शैलाने शब्द दिला. आणि आता ऐक पोरी, हे तुझ्या कामाचं आहे. शैलाने हाराची गोष्ट कुणालाही सांगितली नाही. संपादकाला नाही, त्या गावात नाही. मलासुद्धा नंतर कळलं. ती म्हणायची, असा एक बारीकसा तुकडा आपल्यापाशी झाकून ठेवायचा. दुसऱ्या कुणी आपणहून तोच तुकडा आणून दिला तर समजायचं, त्याने पाहिलंय. आपण आधीच बोलून गेलो तर आपलंच बोलणं फिरून आपल्याकडे येतं, आणि आपण खुळ्यासारखं म्हणतो, बघा, दोघंही तेच सांगतायत!

दुसरा माणूस कोण असू शकेल याचा अंदाज तिला होता. एक शेतकरी. कुठल्या आळीतला, कुठल्या जातीधर्माचा, ते मी सांगणार नाही. त्याचं खळं बांधाला लागून होतं आणि त्या संध्याकाळी तो आरतीला गेला नव्हता. पण खाजण विकत घ्यायला जे लोक फिरत होते, रस्त्याचा ठेकाही त्यांच्याचकडे होता, त्यांना त्याने जमिनीचा शब्द दिला होता. खारं झालेलं शेत कुणीही विकायला तयार होतं, त्यांना तेच हवं होतं. तो बोलला असता तर त्याचा सौदा गेला असता, वर दुश्मनी. शैला त्याच्याकडे गेली की तो म्हणायचा, "बसा ताई, सरबत घ्या," आणि गुरांकडे निघून जायचा. ती पुन्हा जायची. संपादक फोन करायचे, "एका बाईचं आहे ना, तिचं नाव न देता लावू." ही म्हणायची, एकीचंच आहे, आणि ती कामगाराची बायको आहे, उद्या ठेकेदार म्हणेल नवऱ्याच्या पगारावरून रागाने बोलली. थांबा. दिवाळी आली. ती चिंबोऱ्या धरणारी बाई नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर निघून गेली, दरवर्षी जातात तशी. शैला थांबलीच.

आणि दिवाळीनंतर दामू खाडीत सापडला. जिथे खांड गेली होती तिथून थोडा खाली, तिवरांच्या मुळांत. पाय घसरला की... लोकांनी काय ते ठरवून टाकलं. शैलाने कधीच ठरवलं नाही. तिच्या बातमीत ओळ अशी आहे की दामू त्या सकाळी बांधावर गेले होते, त्यांना जाताना पाहिलं ते त्यांच्या पत्नीने. पुढचं कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून पुढचं लिहिलं नाही. इतर पेपरांनी अपराधीपणाच्या भावनेतून वगैरे मोठ्या अक्षरात लावलं. त्याच्या भावना यांना कुठे भेटल्या होत्या देव जाणे.

त्या संध्याकाळी ती रविवार नसताना माझ्याकडे आली. चपला न काढता आत आली, तिच्याकडून असं कधी व्हायचं नाही. मी भाकरी थापत होते. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मग तिने मला सगळं सांगितलं, मशीन, हार, ती बाई. मी ऐकत गेले आणि माझे हात थांबले. मी म्हटलं, "शैला, तुला हे दिवाळीच्या आधीपासून ठाऊक होतं?" ती हो म्हणाली. "मग छापू नको हवं तर. पण दामूला तरी सांगायचंस! त्याच्या कानात सांगायचंस की बाबा, तुझं बीळ राहिलं नव्हतं." तवा तापून धूर यायला लागला. मग ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तो देवळापुढे जाऊन ओरडला असता. का ओरडू नये त्याने? मग गावभर मशीन मशीन झालं असतं. मग त्या शेतकऱ्याने पाहिलेलं सांगितलं असतं की ऐकलेलं, मला कधी कळलं नसतं. ठेकेदार सावध झाला असता. त्या बाईला शोधून काढली असती." मी म्हटलं, "पण तो जगला असता गो." ती म्हणाली, "हो आक्का." एवढंच. मी तिला पोटाशी धरलं तर लाकडासारखी होती. मी खूप दुःखं पाहिली आहेत, दोन मुलं गेलीत माझी, पण ते 'हो आक्का' मला आजही ऐकू येतं.

दामूचे दिवस झाल्यावर तो शेतकरी आपणहून पूल ओलांडून तिच्या अष्टमीच्या खोलीवर गेला. बसलाही नाही, दारातच म्हणाला, "ताई, मी पाहिलं होतं. मशीनला झेंडूचा हार होता. मी मनात म्हटलं, सणाच्या दिवशी हे काय काम काढलं यांनी." शैलाने त्याला आत घेतलं आणि सगळं उलटसुलट विचारलं. मशीन कुठल्या बाजूला तोंड करून होतं, तू कुठे होतास, मधे काय होतं, किती दिसतं तिथून. मग दुसऱ्या दिवशी तीच संध्याकाळची वेळ धरून स्वतः त्याच्या खळ्यात जाऊन उभी राहिली, दिसतं का बघायला. दिसत होतं. संपादक म्हणाले, आता तरी दे, माणूस गेलाय, लोक हळहळतायत तोवर लागली पाहिजे. ही म्हणाली, ज्यांच्याबद्दल लिहिणार त्यांना अजून विचारलेलं नाही.

म्हणून वडखळच्या नाक्यावर त्या जमीनवाल्यांच्या ऑफिसात गेली, एकटी. तिथला माणूस भारी गोड. "या ताई, उन्हाच्या आलात, चहा घ्या." ती अशा ठिकाणी चहा घ्यायची नाही. "पाणी चालेल," म्हणाली आणि सरळ विचारलं, तुमचं मशीन खंडेनवमीच्या संध्याकाळी बांधावर होतं असं मला कळलंय, तुमचं काय म्हणणं? तो हसला. "ताई, त्या दिवशी मशीनला कुणी हात लावतं का? आमची पूजा होती. थांबा, फोटोच दाखवतो." आणि त्याने फोनवर सकाळचा फोटो दाखवला, हारतुरे घातलेलं पिवळं मशीन, समोर फोडलेला नारळ. "दिवसभर जागचं हललेलं नाही," तो म्हणाला. शैलाने त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत बातमीत दिलं, फोटो दाखवला हेसुद्धा. तोवर हाराचं ती माझ्याशिवाय कुणाला बोललेलीच नव्हती. तो स्वतःच दाखवून बसला, की हो, त्या दिवशी हार होता.

बातमी लागली. आतल्या पानावर, खाली. गावाने वाचली, मोठ्याने वाचून दाखवली. बायजाच्या दारात बायका आल्या, कुणी तांदूळ आणले, कुणी नुसत्या रडल्या. पण कागदावर काय झालं? काही नाही. चौकशी नेमली, चौकशीने विचारलं, हा शेतकरी कोण, ही बाई कोण? शैला म्हणाली, नावं देणार नाही. ते म्हणाले, मग तुमची बातमी हवेतली. जमीनवालेही तेच बोलत फिरले, बिननावाचा शेतकरी, या पेपरवालीने घरी बसून रचला. चौकशी मिटली. पंचनाम्यात आजही राखणदाराचा निष्काळजीपणा असंच आहे. दामू गेला त्याला इतकी वर्षं झाली, पण सरकारदरबारी ती खांड त्याच्याच नावावर आहे.

बायजा मला दर सणाला भेटायला येते. पहिल्यांदा आली तेव्हा मला भीती वाटली होती, शैला घरात होती आणि हिला काय काय ठाऊक आहे ते कळत नव्हतं. शैलानेच सांगितलं तिला, माझ्या समोर. "मला आधीपासून माहीत होतं आणि मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं नाही." बायजा पदराचा काठ चिमटीत धरून बसली होती. म्हणाली, "ताई, तुमी तरी इचारलंत. मी त्याची बायको, मी बी त्यालाच म्हनायची, का नाय गेलास त्या दिशी, का नाय गेलास..." त्यानंतर बायजाने कधी तो विषय काढला नाही, फक्त एवढं म्हणायची, कागदावरून त्याचं नाव निघालं पायजे. शैलाला वाईट वाटू नये म्हणून हळू म्हणायची, पण म्हणायची.

शेवटच्या आजारात शैला माझ्याकडेच होती. पोटाचा आजार, डॉक्टरांनी उशिरा ओळखला, आणि ओळखल्यावर फार काही हातात नव्हतं. अंग सुकून गेलं होतं पण डोकं लख्ख. औषधाची गोळी दिली की नर्सला विचारायची कशाची, आणि मग मला म्हणायची, आक्का, वाण्याशेजारच्या केमिस्टला पण विचारून ये. मी चिडायचे, हसायचे. एकदा मी तिचे पाय चोळत होते तेव्हा धीर करून विचारलं, "परत तशी वेळ आली तर? तशीच थांबशील?" मला वाटलं चिडेल. ती छताकडे बघत म्हणाली, "बातमीसाठी थांबेन. दामूपाशी नाही थांबणार. काहीतरी वाट काढली असती गो, नुसतं म्हटलं असतं, अजून ठरलेलं नाही दामूदादा, धीर धर. एवढं वाक्य खरं होतं, आक्का. तेवढं तर तपासायचीही गरज नव्हती." मग तिने डोळे मिटले. मी तिला त्या शेतकऱ्याचं नाव विचारलं, निदान मला तरी सांगून ठेव म्हटलं. नाही सांगितलं. म्हणाली, तुझ्यापाशी ठेवलं तर तुला वागवावं लागेल. नाव त्याचं आहे, त्यालाच बोलू दे.

आता हे सगळं तुला का सांगतेय ते ऐक. तेराव्याची गर्दी ओसरल्यावर एक म्हातारा माझ्या दारात आला. ओटा चढताना दोनदा थांबला. पाणी प्यायला, शैलाच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, "मीच तो." मला एकदम काही कळेना. मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. म्हणाला, ताईंनी माझं नाव जपलं म्हणून मी सुखाने जगलो, पण दामूचं नाव तसंच राहिलं. आता माझी जमीनही गेलेली, पोरं आपापल्या वाटेला, मला कुणाचं भय नाही. माझं नाव लावून लिहा. कुठे सही करायची असेल, साहेबापुढे उभं राहायचं असेल, राहतो. मी म्हटलं, तुम्ही आत्ता दुःखात आहात, आठ दिवसांनी परत या. शैला असंच करायची, रडणाऱ्या माणसाचा शब्द लगेच घ्यायची नाही. तो परत आला. तेच म्हणाला, आणि विडी ओढायची सोडलीय म्हणाला, पण खोकत होता गो, वाईट खोकत होता.

मी आता दोन्हीकडून अडकलेय. तो म्हणतो तोच तो माणूस आहे का, हे मी कशावरून सांगू? झेंडूच्या हाराचं तर आता सगळ्यांनी वाचलंय. त्याला काय विचारायचं, कसं विचारायचं, खळ्यात जाऊन कुठे उभं राहायचं, ते शैलाला ठाऊक होतं. मला म्हातारीला नाही. चिंबोऱ्या धरणारी ती बाई वाडीवर राहिलेली नाही, कुठल्या भट्टीवर आहे की नाहीच, कुणी शोधलेलं नाही. म्हणून इथेही मी त्याचं नाव लिहीत नाही. बायजाला अजून काही सांगितलेलं नाही. मात्र परवा ती आली तेव्हा मी तिला जाताना म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही बायजा, पण धीर धर. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि काही न विचारता गेली.

तेव्हा पोरी, तू ये. दोन ओळींसाठी नको, दिवस मोकळा ठेवून ये. मी वाल भिजत घालते, आधी पोटभर जेव, मग तुला त्याच्याकडे घेऊन जाते. मी सांगितलं म्हणून काही खरं धरू नकोस, त्याला तू तुझं विचार, बायजाला विचार, गावात विचार, वडखळच्या त्या लोकांनाही विचार. मी बरोबर येईन, पाय चालतात अजून. फक्त लवकर ये गो. त्याचा खोकला मला बरा वाटत नाही.